राखणदाराची बीअर

नाताळच्या आदल्या दुपारी माझी शेजारीण मागच्या अंगणात, अमेरिकेतल्या रेडमंडच्या त्या रडक्या पावसात, सफरचंदाच्या बुंध्याशी बीअर ओतत होती. ऐंशी उलटलेली बाई! मी कुंपणावरून ओरडले, "अगं, वाया कशाला घालवतेस? मला दे की!"

ती हसली नाही. आत बोलावून तिने कॉफी दिली आणि भिंतीवरचा फोटो दाखवला. नॉर्वेतला फ्योर्ड. दोन्हीकडे उभे कडे, मधे समुद्राचं काळं पाणी, आणि कड्याला कसंबसं चिकटलेलं एक शेत. तिच्या वडिलांचं. रस्ता नाहीच, होडीनं जायचं, मग चढायचं. पोरं खाली पडू नयेत म्हणून त्यांना दोरानं बांधून ठेवत. गवत तारांवर वाळत घालत, आपण कपडे घालतो तसं. शेताच्या कडेला मातीचा एक उंचवटा होता. ज्यानं रान तोडून ती जमीन पहिल्यांदा कसली, त्याला हजारेक वर्षांपूर्वी त्याखाली पुरलं म्हणे. शेत अजून तोच सांभाळतो, म्हणून नाताळात पहिला पेला त्याचा.

"अय्या, हा तर आमचा राखणदार!" मी म्हटलं. कोकणात, आमच्या खाडीकाठच्या शेतात, आंब्याखालच्या दगडापाशी बाबा दरवर्षी नारळ आणि कोंबडा द्यायचे. बाबा वारले तेव्हा मी गावी गेले नाही. व्हिसाचं स्टॅम्पिंग अडकेल, अमेरिकेत परतता येणार नाही, नोकरी जाईल, ही भीती. त्याला चार वर्षं झाली. सगळं तिला सांगितलं.

घरी येऊन काकांना फोन लावला. "काका, राखण दिलीत का?"

"कोण देणार गो? माझे गुडघे गेले. तू पैसे धाडतेस, पण राखण अशी फोनवरून देतात होय? घरचं माणूस लागतं. तू ये."

दुसऱ्या दिवशी शेजारणीला विचारलं, "इथून ओतलेलं तुझ्या शेतकऱ्याला पोचतं?"

"छे. जायला हवं होतं. पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी म्हणत राहिले. मी जन्मले इथेच, ते शेत कधी पाहिलंच नाही. आता तो कडा मला चढवणार नाही."

मी त्याच दिवशी तिकीट काढलं. स्टॅम्पिंग गेलं खड्ड्यात. तिनं एक बाटली हातात दिली. "तुमच्या दगडावर ओत. तोही शेतकरीच ना."

काका बोंब मारणार, नक्की. पण बाटली साडीत गुंडाळून ठेवलीय. बाबांच्या वेळी जी बॅग भरली नाही, ती आज भरतेय.