निंबावरचा निळा पत्रा

परंड्याहून बेंबळीला नांदायला आले, तेव्हा माझ्याआधी एक खोटी कीर्ती येऊन पोचली होती: सून उर्दू वाचते. वडील निजामाच्या कचेरीत कारकून, मग लेकीलाही येत असणारच, असं सगळ्यांनी धरलं. मला अलिफ आणि बे ही दोनच अक्षरं यायची. पुढं सगळी मुंग्यांची रांग. पण नव्या नवरीनं नाही कसं म्हणावं?

सासऱ्यांनी भंगारातून एक निळा पत्रा आणला, गोठ्याचं भोक बुजवायला. त्यावर पांढऱ्या उर्दू अक्षरांची एक ओळ. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, त्या दिवसांत खोकून खोकून बेजार होत्या.

"वाच गं, काय लिवलंय?"

मी ओळीवर बोट फिरवलं, तेही डावीकडून उजवीकडं. तोंडातून निघून गेलं, "इथं बसून हात जोडले की खोकला जातो."

पत्रा गोठ्याला लागलाच नाही. निंबाच्या खोडावर चढला. रोज उदबत्ती. आत्याबाई दिवसभर तिथंच डाळ निवडत बसायच्या, आणि देवापुढं पिंक कशी टाकायची, म्हणून तोंडातला तंबाखूचा बार सुटला. दोन महिन्यांत खोकला गेला! शेजारच्या बाया येऊ लागल्या. मला लाज वाटायला हवी होती. खरं सांगते, पाय जमिनीला लागत नव्हते.

श्रावणात रामलिंगाला गेलो. आत्याबाईंना आगगाडी बघायची होती, म्हणून येडशीच्या ठेसनावर वळलो. तर भिंतीवर तोच पत्रा! तीच अक्षरं, फक्त खाली मराठीत: येथे थुंकू नये.

पदर तोंडात कोंबला तरी हसू आवरेना. तेवढ्यात एक फेटेवाला आला आणि नेमका त्याखाली पिचकन थुंकला.

"आरं मुडद्या, देवापुढं थुकतूस?" आत्याबाई धावल्याच.

"कुठला देव, म्हातारे?"

"डोळं फुटलं का? वर लिवलंय की!"

त्यानं वर बघितलं. त्याला वाचता येत असावं. "व्हय की, चुकलं," म्हणत गड्यानं धोतराच्या सोग्यानं भिंत पुसली.

परतताना बैलगाडीत हसता हसता मी धीर केला. "आत्याबाई, मी चुकीचं वाचलं असलं तर?"

"मला कुठं अक्षरं कळत्यात? तू कवा खोटं बोलली न्हाईस, म्हणून म्या मानलं."

माझं हसू तिथंच थांबलं. पुढं त्या जाईपर्यंत रोज उदबत्ती लावत होत्या, आणि मी रोज काडेपेटी हातात देत होते.

परवा माझ्या नव्या सुनेनं विचारलं, "आत्याबाई, यावर काय लिहिलंय हो?"

या वेळी मी उजवीकडून डावीकडं बोट फिरवलं आणि सगळं सांगून टाकलं. पोरगी इतकी हसली, इतकी हसली, की तिला ठसका लागला. थांबेचना.

मग डोळे पुसत तिनं पत्र्याला हात जोडले.