येळवशीची यादी आणि फाटकाची किल्ली

तुम्ही दोघं फोनवर विचारता, आजी, दिवसभर काय करतेस. खरं सांगायचं तर खुर्चीवरून पलंगावर आणि पलंगावरून खुर्चीवर. मागच्या वर्षी न्हाणीत पाय घसरला, खुब्यात सळई बसली, आणि तुमच्या बाबांनी माझ्याकडून शब्द घेतला की फाटकाबाहेर पाऊल टाकायचं नाही. तो पाळला जावा म्हणून त्यांनी अक्काला माझ्याजवळ ठेवलं. अक्का आमच्या औरादचीच, तिचं शेत चिंताकीच्या रस्त्याला. माणूस मायाळू, पण रोज संध्याकाळी ती तुमच्या बाबांना फोन करते, आणि फाटकाची किल्ली तिच्या कमरेच्या पिशवीत असते. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलेल्या मला अंगणात जायलाही विचारावं लागतं.

मार्गशीर्षातल्या अमावस्येला आमच्याकडे येळवस असते. त्या दिवशी घरी कुणी जेवत नाही. शेतात कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करून त्यात चुना लावलेले पाच दगड मांडतात, ते पांडव. आधी शेताला नैवेद्य, मग माणसांचं जेवण.

यंदा आठवडाभर आधी अक्काच्या दोन नाती माझ्याकडे आल्या, अकरा आणि आठ वर्षांच्या. मला त्या टीचरआज्जी म्हणतात. त्यांची आई बाळंतपणासाठी निर्णा गावी माहेरी गेलेली, आजी माझ्यापाशी. बाप म्हणाला, यंदा राहू द्या, नुसता नारळ फोडू. थोरली ऐकेना. शेत उपाशी ठेवायचं नाही, आम्हीच करतो, असं तिनं ठरवून टाकलं होतं. काय काय लागतं ते मी लिहून द्यावं, एवढंच तिचं मागणं.

किती दिवसांनी कुणी माझ्याकडे काम घेऊन आलं होतं. मी कागदावर रेघा आखल्या. कधी, काय, कुणी. आदल्या दिवशी ज्वारीचं पीठ ताकात भिजवायचं, आंबलं की शिजवून मडक्यात थंड करायचं, ही आंबील. भज्जीला, म्हणजे मिसळीच्या पातळ भाजीला, तुरीचे, वालाचे, हरभऱ्याचे ओले दाणे, मेथी आणि चिंचेचा कोळ. चुलीजवळचं सगळं बापाकडे. धाकटीकडे पांडवांना चुना लावणं आणि बाजरीचे उंडे, म्हणजे गोळे, वळणं. तिनं माझ्याच टेबलावर पिठाचे उंडे वळून पाहिले. अक्कानं एक उचलून विचारलं, ‘‘ह्ये उंडे हायत का गोट्या?’’

शेवटी मी पाहुण्यांची रेघ आखली, नाव आणि संख्या, म्हणजे पिठाचं माप ठरेल. थोरलीनं वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं.

‘‘टीचरआज्जी, येळवशीला पावणं कोण मोजतंय? बांधावरनं जाईल त्याला हाक मारायची.’’

मला हे माहीत नव्हतं असं नाही. इथल्या कितीतरी शेतांत मी अशाच हाकेवर जेवले आहे. पण हातात पेन आलं की मी मोजायला लागते. मी ती रेघ खोडली. थोरली अजून कागदच बघत होती.

‘‘आन् तुमी दोघी ह्यात कामून न्हाईत?’’

अक्का मेथी निवडत होती. तिनं मान वर केली नाही. ‘‘बाईंना सोडून म्या कुठं जाऊ,’’ म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती. वर्षभर मी समजत होते की कोंडलेली एकटी मीच आहे.

संध्याकाळी मी तुमच्या बाबांना विचारलं, दोन तास रिक्षानं जाऊन येऊ का. ते नको म्हणाले. ढेकळं, बांध, पुन्हा पडलीस तर उचलणार कोण? त्यांचं चुकत नव्हतं. अक्काला एकटीला पाठवू का, हे मात्र मी विचारलंच नाही, कारण उत्तर ठाऊक होतं.

अमावस्येच्या सकाळी पोरींच्या बापाचा टेम्पो दारात उभा राहिला. मी अक्काला म्हटलं, मला बाहेरून कुलूप लाव आणि जा. ती चिडली.

‘‘जितं माणूस कोंडून येळवशीला जाऊ? शेताला काय तोंड दाखवू?’’

टेम्पोत आंबिलीचं मडकं धरून पोरी थांबल्या होत्या. अक्का दारात गेली, परत आली, पुन्हा गेली. शेवटी तिनं पिशवी सोडून किल्ली माझ्या हातात ठेवली. ‘‘पडू नका,’’ एवढंच बोलली.

येळवशीला गाव ओस पडतं. दुकानं बंद, रस्त्यावर स्कूटर नाही. मी वॉकर धरून अंगणात गेले आणि फाटक उघडलं. अक्कानं ताट झाकून ठेवलं होतं. म्हटलं, जो जाईल त्याला आपणही हाक मारू. बराच वेळ बसले. कुणी आलं नाही, सगळे कुणाच्या ना कुणाच्या शेतात होते. फाटकापलीकडे मी गेले नाही. शब्दासाठी की भीतीनं, ते मला आजही सांगता येत नाही. उघड्या फाटकाशी बसून मी एकटीच जेवले.

ती सगळी ऊन उतरता उतरता परतली. अक्काच्या पायांना काळी माती होती. आंबील जरा जास्तच आंबली, काही उंडे फुटले, पण मेंढरं घेऊन निघालेल्या दोन अनोळखी माणसांना थोरलीनं हाक मारून बसवलं. माझी यादी तिनं परत दिली, प्रत्येक कामापुढे खूण केलेली. बाभळीखाली त्यांनी माझं पान मांडलं होतं, उडू नये म्हणून वर ढेकूळ ठेवून. मेंढरंवाल्यानं विचारलं, हे कुणाचं?

धाकटीनं सांगितलं होतं, ‘‘आमच्या टीचरआज्जीचं. तिला कोंडलंय.’’

अक्का तिला रागावली. मी हसले.

त्या संध्याकाळच्या फोनवर अक्कानं बाई बऱ्या हायत, एवढंच सांगितलं. किल्ली तिनं परत मागितलेली नाही. ती माझ्या चष्म्याच्या डबीत आहे. हे बाबांना वाचून दाखवा. शब्द मी मोडलेला नाही, फाटक तेवढं उघडलं होतं.