भुलाबाईची ओटी

सिंदीचा बाजार मागे पडून बराच वेळ झाला होता आणि आमचं गाव अजून दूर होतं. एस.टी. चुकली म्हणून मी आणि देवका पायीच निघालो होतो. काळ्या मातीनं चपला जड झाल्या, तशा मी हातात घेतल्या. देवकाच्या डोक्यावरच्या टोपल्यात भुलाबाईची एक मातीची मूर्ती होती. बाजारात उरलेली.

ही गोष्ट अठ्ठ्याहत्तर सालच्या भादव्यातली. देवका कुंभाराची लेक. लग्नानंतर लवकरच नवरा गेला, तशी माहेरी परतली. एरवी लोकांच्या कापसाच्या पऱ्हाटीत निंदण, वेचणी करायची. भादवा लागला की भुलोजी-भुलाबाईचे, म्हणजे शंकर-पार्वतीचे जोड घडवायची. तिच्या हातच्या मूर्ती घरोघर जात, पण हळदीकुंकवाला तिला कोणी बोलवत नसे. विधवेची ओटी कोण भरणार?

यंदा जोडांबरोबर तिनं एक भुलाबाई एकटीच केली. भुलोजीशेजारी नटून बसलेली नव्हे, तर उभी. लुगड्याचा काष्टा खोचलेला, आणि वेचणीला बाया कमरेशी पदराची ओटी बांधतात तशी ओटी, कापसानं तट्ट फुगलेली.

बाजारात किराणा दुकानवाल्या अन्नपूर्णाबाईंनी विचारलं होतं, "काऊन वो, हिचा भुलोजी कुठी गेला?"

"येईन ना संध्याकाळी," देवका म्हणाली, "कापूस मोजून पैसे भेटाच्या वक्ती."

बाया खदखदून हसल्या. मूर्ती मात्र कुणीच घेतली नाही.

मी गावच्या शाळेत शिकवते. वाटेत तिला म्हटलं, "देवका, शाळेत हस्तकलेचं प्रदर्शन आहे. तिथं ठेवू हिला. बक्षीस मिळेल."

ती थांबलीच. "पाह्याले नाई केली म्या तिले, बाई. देव म्हून केली."

"अगं, पण लोक..."

"लोकं काय म्हन्तीन ते मले ठाव हाये. तुमी सांगा. हे देवी नोहे काय?"

तिनं टोपलं बांधावर उतरवलं, फडकं बाजूला केलं. मूर्तीच्या पायांना भेगासुद्धा काढल्या होत्या. चेहरा मात्र शांत, दरवर्षीच्या भुलाबाईचाच. मी चपला खाली ठेवल्या आणि हात जोडले.

तिनं ते पाहिलं.

"मंग आयका, बाई. पुनवेले तुमच्या घरी पोरी भुलाबाई मांडतेत. यंदा इले पाटावर बसवा. हयद-कुकू वाहा, गानी म्हना. फकत ओटी भरू नोका. तिची तिनं भरेल हाये."