बाबांनी माल परत बोलावला

आमच्या घरात औषधाची बाटली आली की ती आधी ट्यूबलाइटपुढे जायची. बाबा ती उलटी करायचे, हलकेच फिरवायचे, डोळे बारीक करून आत बघायचे, आणि मगच बूच उघडायची परवानगी मिळायची. मी खोकून खोकून बेजार झाले तरी हा सोहळा काही चुकायचा नाही. वसई पूर्वेच्या एका औषधाच्या कारखान्यात त्यांनी सगळी नोकरी याच कामात काढली. सिरपच्या बाटल्या उजेडापुढे धरायच्या, आत काही तरंगताना दिसलं तर बाजूला काढायच्या.

तिथला एक किस्सा ते सारखा सांगत. एकदा बाटल्यांमध्ये पांढरे तंतू दिसले. बाबांनी साहेबांना सांगितलं, पण तोवर निम्मा माल बाजारात गेलेला. साहेब म्हणाले, गेला तो गेला, उरलेला गाळून भरा.

"आणि तपासणीवाले?" उत्तर पाठ असूनही मी दर वेळी विचारायची.

"ते यायच्या आधी त्यांचा फोन यायचा. मग फरशी पुसा, टोप्या घाला, चहा सांगा." आणि त्यानंतर ठरलेलं वाक्य, "माल परत बोलवायला छाती लागते, पोरी. तिथे एकाकडेही नव्हती."

गोळ्यांवरचा त्यांचा विश्वास तेव्हा उडाला तो उडालाच. आई गेल्यावर आम्ही दोघंच उरलो, तुळिंजच्या फ्लॅटमध्ये. मग करोना आला आणि बाबांच्या हातात किटली आली. चांदीपला त्यांच्या एका जुन्या सोबत्याचं शेत आहे, तिथे कडुनिंबावर गुळवेल चढलेली. तिच्या कांड्या पिशवी भरून आणायच्या, ठेचायच्या, उकळायच्या आणि सकाळी बिल्डिंगच्या गेटपाशी बाकावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला कपभर काढा पाजायचा. करोना गेला, किटली राहिली. लोक त्यांना वाकून नमस्कार करायचे. निवृत्त माणसाला एवढा मान कुठे मिळतो? मी कधी अडवलं नाही. त्यातच खोकल्याच्या औषधाने लहान मुलं दगावल्याच्या बातम्या यायला लागल्या, तेव्हा तर मलाही वाटलं, म्हातारा काही अगदीच उगाच बोलत नाही.

आणि मग एका सकाळी दाढी करून ते बाहेर आले तर डोळे हळदीसारखे पिवळे.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी तपासलं, विचारलं, "दुसरं काही औषध चालू आहे?"

"मी औषध घेतच नाही," बाबा म्हणाले, आणि तेही ताठ मानेने. मीसुद्धा शेजारी बसून मान डोलावली. काढ्याला औषध म्हणायचं आम्हा दोघांच्या डोक्यातच नव्हतं. चहाला कोणी औषध म्हणतं का?

घरी आल्यावर बाबांनी काय केलं असेल? कावीळ झाली म्हणून काढा दुप्पट केला. जेवण सुटलं, अंगाला खाज सुटली, लघवी गर्द झाली. रक्ताचा रिपोर्ट दर वेळी आधीपेक्षा वाईट. एक दिवस ते मला आईच्या नावाने हाक मारायला लागले, तेव्हा मात्र मी वाट बघत बसले नाही. रिक्षात घालून त्यांना हॉस्पिटलात नेलं.

तिथली डॉक्टर माझ्याहून लहान. तिने औषधाचं विचारलंच नाही. "काका सकाळपासून काय काय पितात, सांगा बघू," ती म्हणाली. मी सांगत गेले आणि काढ्याचं नाव निघताच तिने लिहायचं थांबवलं. विषाणूच्या तपासण्यांत काहीच निघालं नव्हतं. "काढ्यानेच झालं असं छातीठोक नाही सांगता येणार. पण काहींना हा त्रास झालेला आहे. एक थेंबही द्यायचा नाही. लिव्हर आणखी बिघडलं तर आमच्या हातात फारसं काही राहणार नाही."

काढा बंद झाल्यावर बाबा हळूहळू भानावर आले. भानावर आले ते भांडायलाच. सलाईनची बाटलीसुद्धा मला उजेडापुढे धरायला लावली.

"ह्यांचं काय ऐकतेस? काढा प्या म्हणून सांगणारं सरकारच होतं ना? आता डॉक्टर म्हणतात लिव्हर जातं. मग सरकार म्हणतं, ती गुळवेल नव्हेच, तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल. खरं कोणाचं धरायचं?"

"कोणाचंच धरू नका!" माझं डोकंच फिरलं. शेजारच्या कॉटवरचा माणूस उठून बसला. "जन्मभर दुसऱ्यांच्या बाटल्या उजेडापुढे धरल्यात ना? मग ही किटली एकदा तरी धरलीत? चांदीपची वेल कुठली, हे तरी कोणाला विचारलंत? आणि खाली अर्धी बिल्डिंग पितेय ती!"

बाबांनी कूस बदलली. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मला वाईट वाटलं, पण शब्द परत घेतले नाहीत.

दुसऱ्या दिवशी भेटायच्या वेळेला खालच्या मजल्यावरच्या काकू आल्या. बाबांच्याच वयाच्या, मालवणकडच्या, प्रेमळ बाई. पिशवीतून थर्मास काढला. झाकण उघडल्याबरोबर तो कडू वास आला.

"तुम्ही दिलेल्या कांड्या होत्या ना भाऊ, त्यांचाच केलाय. तुम्ही नाही म्हणून किटली बंद पडू दिली नाही हो आम्ही. सगळ्यांना देते." त्यांनी थर्मास दोन कपांत रिकामा केला. एक बाबांपुढे धरला, एक स्वतः घेतला. "ह्या सलाइनीबिलाइनीनं काय होतंय?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाबांनी हात वर करून मला थांबवलं. कप घेतला. खिडकीकडे धरला. गडद, गढूळ काढा, आरपार काही दिसायचा प्रश्नच नव्हता. ते बघतच राहिले. पितात की काय! मी कॉटची दांडी घट्ट धरून उभी होते.

"वहिनी, पिऊ नका," ते म्हणाले.

"अहो, मला काही होत नाही. तुम्हीच तर प्यायला लावलंत." काकूंनी कप ओठाला लावला.

बाबा सलाईनच्या नळीसकट उठले आणि त्यांनी काकूंच्या हातातला कप काढून घेतला. थोडा काढा चादरीवर सांडला. एवढ्या वर्षांच्या शेजारात त्यांनी कधी काकूंच्या बांगडीलाही हात लागू दिला नव्हता. काकूंचा चेहरा उतरला.

"माझा माल आहे हा," बाबा म्हणाले. "त्यात खोट असेल. नक्की माहीत नाही, पण असेल. म्हणून परत घेतोय."

काकू रिकामा थर्मास घेऊन गेल्या. रागावूनच गेल्या. बाबांना धाप लागली होती, तरी त्यांनी मला मोबाईल काढायला लावला आणि बिल्डिंगच्या ग्रुपवर घालायचा मजकूर सांगितला. माझा काढा कोणीही पिऊ नये. माझं लिव्हर बिघडलं आहे, कारण बहुतेक काढाच आहे. घरात उरलेल्या कांड्या फेकून द्याव्यात. ज्यांनी प्यायला त्यांनी रक्त तपासून घ्यावं. चूक माझी आहे.

मी पाठवलं. माझे डोळे भरून आले होते. जे त्या कारखान्यात एकालाही जमलं नाही, ते माझ्या बापाने हॉस्पिटलच्या कॉटवरून केलं होतं. अभिमानाने छाती फुटायची बाकी होती.

लगेच उत्तरं यायला लागली. आधी जोडलेले हात. मग तिसऱ्या मजल्यावरून, "काका, डॉक्टरांनी घाबरवलं का? इंग्रजी औषधांनीच लिव्हर जातं." मग काकूंचं, "उद्यापासून किटली मी भरणार. भाऊंची परंपरा बंद पडू देणार नाही." त्याला पटापट अंगठे.

बाबांनी माझ्या हातातून फोन घेतला. सगळं वाचलं, पुन्हा वर सरकवून वाचलं. त्यांचे पिवळे डोळे पडद्यावरून हलेनात.

"पुन्हा लिही," ते म्हणाले.