पूजेत मांडलेली हार्डडिस्क

आधीच सांगून टाकतो – कुणी भुताच्या गोष्टी सांगायला लागलं की मागच्या रांगेतून कुत्र्यासारखं रडून दाखवणारा आचरट माणूस म्हणजे मीच. आमच्या शिंदखेड्याकडे मुंजा, आसरा, सगळा माल भरपूर; पण मी एकावरही कधी विश्वास ठेवला नाही. आणि जे सांगणार आहे ते घडलं सकाळी साडेआठला. चहा पिऊन झाल्यावर. ट्यूबलाइटच्या लख्ख उजेडात.

मी भूषण. सुरतेत उधन्याला एका साडी-डिझाइनच्या स्टुडिओत कामाला आहे. दुसरा मजला, एक खोली, एक मोठा कॉम्प्युटर. त्यावर आम्ही पाळीपाळीने बसतो, प्रत्येकाचं लॉगिन वेगळं. सगळ्यात जुने डिझायनर नंदू आण्णा, अमळनेरचे. त्यांची सगळी डिझाइन्स एका बाहेरून लावायच्या हार्डडिस्कवर. मला काम शिकवलं त्यांनीच, पण सुरुवातीला मी त्यांची एक अख्खी बॉर्डर पुसून टाकली (चुकून! देवाशप्पथ चुकून!), तेव्हापासून त्यांचं एकच वाक्य – "भूषण्या, तू नुसता देख. हात नको लावू."

आजारी पडल्यावर मात्र त्यांनीच मला त्या डिस्कवर 'फुल कंट्रोल' दिला. म्हणाले, "आते लाव हात."

श्रावणात आण्णा गेले.

त्या डिस्कमध्ये त्यांचं शेवटचं डिझाइन होतं. कुठल्या व्यापाऱ्याचं नव्हे – त्यांच्या लेकीच्या, वैशालीच्या हळदीची साडी. पिवळ्या अंगावर कापसाच्या बोंडांची बॉर्डर. लग्न तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्याच मुहूर्ताला. कडोदऱ्याच्या मिलवाल्याने बजावलं होतं, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फाइल आली तरच छापतो, मग दिवाळीआधी छपाईचं टेबल रिकामं नाही, आणि दिवाळीनंतर मिल महिनाभर बंद. सुनंदाकाकू, म्हणजे आण्णांच्या मिसेस, मला एवढंच म्हणाल्या होत्या, "भाऊ, पोरले बापनी साडी भेटनी पाह्यजे. बस."

मी छातीवर हात ठेवून हो म्हटलं. आता माझा पराक्रम ऐका.

खंडेनवमीची दुपार. नवीन आलेल्या ममताबेनच्या लॉगिनमधून ती डिस्क उघडत नव्हती. आमचे शेठ जयेशभाई म्हणाले, "भूषण, एनेपण चालू करी आप ने." तिलाही चालू करून द्यायचं, ह्यात काय मोठं! मी डिस्कच्या प्रॉपर्टीमध्ये शिरलो. ममताबेनचं नाव टाकलं, 'अलाऊ'वर टिक. इथेच थांबलो असतो तर हा लेख तुमच्यापुढे आला नसता. पण मला अक्कल सुचली. म्हटलं, आपली माणसं आत, बाहेरच्यांना बंदी. म्हणून 'एव्हरीवन' पुढे 'डिनाय'च्या सगळ्या खान्यांत टिक केलं. कॉम्प्युटरने बिचाऱ्याने एक लांबलचक इशारा दाखवला. इशारा न वाचता 'येस' दाबण्यात सुरतेत माझा हात धरणारा कोणी नाही.

एव्हरीवनमध्ये आपणही येतो, आणि बंदी परवानगीवर भारी पडते, हे मला त्यानंतर अर्ध्या मिनिटात कळलं. ममता बाहेर. शेठ बाहेर. मी बाहेर. डिस्कची मालकी आण्णांच्या लॉगिनची, त्यामुळे ती बंदी उठवणार तर तेच लॉगिन. त्याचा पासवर्ड आण्णा सोबत घेऊन गेलेले. काकूंना फोन केला, त्यांनाही माहीत नाही. आणि दुसरी कॉपी? ती काढून ठेवायचं काम दोन महिन्यांपासून माझ्याकडेच होतं... पुढे बोलत नाही.

कामरेजला एक कॉम्प्युटर दुरुस्तीवाला आहे. तो म्हणाला, डिस्क घेऊन या, बघतो. मी केबल काढली आणि निघणार, तेवढ्यात जयेशभाई आरतीचं ताट घेऊन उभे.

"क्यां चाल्या? पूजा छे!"

आमच्या स्टुडिओत खंडेनवमीला अवजारं पूजेला मांडतात – माऊस, पेन-टॅब्लेट, डिस्क, सगळं पाटावर. हा रिवाज आण्णांनीच लावलेला. एकदा मांडलं की दसऱ्याच्या दुसऱ्या सकाळपर्यंत हात लावायचा नाही. शेठ गुजराती, पण ह्या बाबतीत आण्णांपेक्षा कडक. माझी चूक कबूल करायची हिंमत झाली नाही. डिस्क पाटावर गेली. जयेशभाईंनी ओलं हळदकुंकू असं सढळ हाताने फासलं की केबल लावायचं भोकही बुजलं. मी स्वतः कॉम्प्युटरचा प्लग काढला, प्लगवर झेंडूचं फूल ठेवलं, कुलूप लावलं. चावी एकच, माझ्या खिशात. दसऱ्याला सगळं बंद.

दसऱ्याचं सोनं वाटायला काकूंकडे गेलो तर वैशालीने विचारलं, "दादा, बॉर्डर छान दिसतेय ना हो?" मी म्हटलं, "एकदम!" आणि श्रीखंड न खाता पळालो. मी! श्रीखंड न खाता!

दुसऱ्या दिवशी साडेआठला कुलूप उघडलं. पाट तसाच. प्लग काढून ठेवला तसाच, त्यावरचं फूल सुकलेलं, जागचं हललेलं नाही. डिस्कच्या भोकातलं कुंकू वाळून दगड झालेलं – मी टाचणीने कोरून काढलं. तेवढ्यात ममताबेन आली.

कॉम्प्युटर चालू केला. आमच्या मशीनवर शेवटी जो बसलेला असतो, त्याचं नाव आधी समोर येतं. शेवटचा मी होतो.

समोर नाव आलं – नंदू आण्णा.

ममताबेन म्हणाली, "तमे काकाना नामथी बेठा'ता?" आण्णांच्या नावाने मी कसा बसणार! माझ्या लॉगिनमध्ये गेलो, केबल लावली... डिस्क उघडली! बोंडांची बॉर्डर, पिवळं अंग, सगळं जागेवर. आधी पेनड्राइव्हवर कॉपी केली, मिलवाल्याला पाठवली, आणि मग, मेली खोड जात नाही, बघू म्हणून परवानग्यांची यादी उघडली.

एव्हरीवनची ओळच नव्हती. जयेशभाई – फुल कंट्रोल. ममताबेन – फुल कंट्रोल.

भूषण – फक्त 'रीड'.

म्हणजे उघडा, बघा, कॉपी करा. बदलायचं काही नाही. ममताबेन हसायला गेली आणि मध्येच थांबली. मी खुर्चीवरून उठलो तो थेट जिन्यात.

साडी छापून आली. वैशालीने हळदीला ती नेसली. काकूंना मी सगळं सांगितलं, माझ्या मूर्खपणासकट. त्यांनी फक्त आण्णांचा आणखी काही निरोप विचारला, "तेस्नी आखो काय सांगं?" मी म्हटलं, काकू, एवढंच.

कामरेजवाला स्वतः येऊन बघून गेला. म्हणाला, हा बदल आण्णांच्या लॉगिनमधूनच झालाय. प्लग काढलेला, भोक कुंकवाने बुजलेलं, पासवर्ड कुणालाच ठाऊक नाही, मग कसा? त्यावर त्याने आपली बॅग आवरली. जाताना म्हणाला, "तुमचा फुल कंट्रोल परत करून देऊ? दोन मिनिटांचं काम आहे."

मी म्हटलं, राहू द्या.

तुमच्यापैकी कुणाला उलगडा होत असेल तर जरूर सांगा, मला आजवर झालेला नाही. त्या डिस्कवर काही सेव्ह करायचं असलं की मी ममताबेनला हाक मारतो. ती बसते, सेव्ह करते. मी बाजूला उभा राहून नुसता बघतो – दोन्ही हात पाठीमागे बांधून.