मेंढपाळाच्या बाहीवरचा डाग

साळवे पाळक माझ्या दुकानात यायचे ते स्वतःचं स्टूल सायकलला बांधून. माझ्याकडे स्टूल एकच, आणि ते मी कुणाला देत नसे, हे त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं. लखनौच्या विकास नगरमधल्या छोट्या चर्चचे ते पाळक, पण मूळ गाव आमच्याच नगर जिल्ह्यातलं. मी फौजेतून सुटलेला भिवा पेंटर, चौकात पाट्या रंगवायचो. नव्वदनंतरची गोष्ट. लखनौत मराठी बोलायला माणूस मिळेना, म्हणून यायचे.

"देवाचं काही सांगणार असाल तर चहा मिळणार नाही," मी म्हणालो.

"मग चहाच द्या. घाई देवालाही नसते."

हे त्यांचं कायमचं वाक्य.

मी शिकलो चौथीपर्यंत, पण धंद्यात माझा एक नियम होता. पाहिलं नाही ते रंगवायचं नाही. पाळकांनी चर्चच्या भिंतीवर मेंढपाळ येशू काढायला सांगितला, तेव्हा मी आमच्या गावाकडचा धनगर काढला. पांढरा सदरा, खांद्यावर घोंगडी, भोवती काळी मेंढरं. चेहरा कोरा ठेवला. म्हटलं, तुमच्या देवाला मी पाहिलेलं नाही.

चर्चची माणसं भडकली. "पादरी साहब, ये भेड़ें हैं कि भालू? और मुँह कहाँ है?"

"पेंटर साहब अभी देख रहे हैं," पाळक म्हणाले.

तीन वर्षं हेच उत्तर. शेवटी चर्चच्या कमिटीनं ठरवलं, नाताळपर्यंत चेहरा, नाहीतर भिंतीला चुना. पाळकांनी मला हे सांगितलंसुद्धा नाही. बाहेरून कळलं. तरी मी हललो नाही.

त्याच वर्षी दिवाळीच्या तोंडावर शिडीवरून पडून माझा पाय मोडला. चौकातल्या हलवायाची पाटी अर्धी राहिली. दिलेला शब्द चुकला असं माझ्या हातून कधी झालं नव्हतं. खाटेवरून मी सगळ्यांना शिव्या घातल्या, देवालाही. पाळकांनी ऐकून घेतलं आणि माझे ब्रश उचलून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी राहवेना, प्लास्टरचा पाय सांभाळत रिक्षानं चौकात गेलो. शिडीवर पाळक. अक्षरं घाट चढावा तशी वर चाललेली, सदऱ्याची बाही लालभडक, खाली हलवाई कपाळाला हात लावून.

"कसं झालंय, भिवाजीराव?"

"भिकार."

"पुसू?"

"हात लावाल तर बघा."

माझ्या पाटीला दुसऱ्याचा ब्रश मी कधी लागू दिला नव्हता. त्या दिवशी इतका हसलो की रिक्षावाला घाबरला. घरी आल्यावर देवाला पहिल्यांदा शिवी न देता हाक मारली. काय बोललो ते माझं मला.

नाताळच्या आठवडाभर आधी लंगडत चर्चमध्ये गेलो, दार लावलं आणि चेहरा काढला. कसा, ते जाऊन पाहा. निघताना मेंढपाळाच्या बाहीवर लाल रंगाचा एक डाग टाकला.

दार उघडलं तसे पाळक आत आले, चेहरा पाहून डागापाशी थांबले. हात आपोआप स्वतःच्या बाहीवर गेला.

"पाहिलंत म्हणायचं."

"पाहिलं," म्हणालो, आणि पहिल्यांदा त्यांच्या चर्चमधल्या बाकावर बसलो.

पुढं त्यांची बदली झाली. जाताना स्टूल माझ्या दुकानात ठेवून गेले. मी अजून दर रविवारी चर्चला जातो. कुणी ना कुणी ओलं फडकं घेऊन तो डाग पुसायला लागतं. मी पुसू देतो. ऑइल पेंट आहे, जात नाही.