उजव्या बाजूचं कव्हर

वडिलांच्या मोटारसायकलच्या इंजिनाला दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियमची कव्हरं आहेत. डावं फिकट राखाडी, उन्हातही डोळ्यांवर येत नाही. उजव्यात अगदी परवापर्यंत समोरच्याचा चेहरा दिसायचा. हा फरक माझ्यामुळे पडला.

वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झाले, त्याच सुमारास मी हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये लागलो. गाडी त्यांच्या तरुणपणातली. कव्हरं काळवंडली होती, पांढरे डाग धरले होते. ती चकचकीत नको होती त्यांना. गाडी नवी घेतली त्या दिवशी होती तशी हवी होती. डाव्या कव्हरला त्यांनी तीन आठवडे दिले. आधी रॉकेलने धुतलं. मग पाण्यात भिजवलेला पॉलिश पेपर, खरखरीत कागदापासून बारीककडे, हात एकाच दिशेने. मधूनच ते कव्हर कोरडं पुसून उजेडात तिरकं धरायचे, नख फिरवून बघायचे. आधीच्या कागदाचा एकही ओरखडा उरला नाही अशी खात्री पटली, की मगच पुढचा कागद. आई म्हणायची, एवढ्या मायेनं कधी कढई घासली असती तर.

उजवं त्यांनी माझ्यासाठी ठेवलं. "रविवारी दोघं बसू," म्हणाले. मी हो म्हणालो.

तो रविवार गेला, पुढचे चार-पाचही गेले. कधी रिलीज, कधी अमेरिकेतल्या क्लायंटचा कॉल, कधी नुसतीच झोप. ते दर रविवारी सकाळी गॅलरीत वर्तमानपत्र पसरून बादली भरून ठेवायचे आणि जेवायच्या वेळी पाणी कुंड्यांना घालायचे. विचारायचे मात्र नाहीत. ती भरलेली बादली मला टोचायला लागली. शेवटी एका शनिवारी मी कव्हर उचललं आणि स्वारगेटजवळच्या एका बफिंगवाल्याकडून अर्ध्या तासात आरशासारखं करून आणलं. ते खूश होतील, असं तेव्हा स्वतःला सांगितलं होतं. खरं तर मला त्या रविवारांतून सुटायचं होतं.

त्यांनी कव्हर उलटसुलट करून पाहिलं. "वा," म्हणाले, "दाढीला आरसा झाला." मग गाडीला बसवलं. दुसऱ्या दिवशी गॅलरीत काही पसरलेलं नव्हतं.

त्यावर आम्ही कधीच बोललो नाही. मी परदेशी गेलो, परत आलो, बिबवेवाडीत फ्लॅट घेतला, आईवडिलांना तिथे आणलं. गाडीही आली. बोलायला पुष्कळ दिवस होते. वडील गेले तेव्हाही ती पार्किंगमध्ये तशीच उभी होती, दोन बाजूंना दोन रंगांची.

यंदा मी उजवं कव्हर काढलं. चकाकी उतरवणं सोपं निघालं. पहिल्या कागदाच्या दहा-वीस हातांतच माझा चेहरा पुसला गेला. अडतं ते पुढे. सगळे कागद आणलेत, हातही एकाच दिशेने जातो, पण एक कागद कधी सोडायचा ते मला कळत नाही. ओलं असताना कव्हर हुबेहूब डाव्यासारखं दिसतं. वाळलं की ओरखडे वर येतात. तीनदा शेवटच्या कागदापर्यंत गेलो आणि तीनदा पुन्हा पहिल्यावर आलो. दर वेळी पुसून उजेडात धरतो, नख फिरवतो. नखाला काही लागत नाही. तरी पुढचा कागद घ्यायला हात धजत नाही. शेजारी बसून कुणी नुसतं "अजून थोडं" म्हणायला हवं होतं.